सांवळी त्वचा आणि लेसरचा किरण

अंगावरील नको असलेले केंस काढण्याचे उपाय आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहेत. तान्ह्या मुलाच्या पाठीवर तेल-हळदींत मळलेला पिठाचा गोळा फिरविणें, डाळीच्या पिठाचें उटणें लावणें, दोऱ्यानें केंस उपटणें, वस्तरा फिरविणें, हे प्रकार घरोघरीं ठाऊक आहेत. (तान्ह्या मुलाच्या अंगावरची लव पहिल्या कांहीं महिन्यांत आपोआपच गळून जाते, श्रेय मात्र पिठाच्या गोळ्याला मिळतें!) या जुन्या उपायांच्या पंक्तीस आतां एक नवा उपाय येऊन बसला आहे, तो म्हणजे लेसरचा प्रकाश. मेहकर तालुक्यांतील आमचें जानेफळ हें कांहीं मोठें शहर नव्हे. तथापि मोबाईल घरोघरीं पोंचल्यामुळें शहरांतील सौंदर्यगृहांच्या जाहिराती येथील मुलींच्या व त्यांच्या मातांच्या दृष्टीस नित्य पडतात. केंस कायमचे जातील, दुखणार मुळींच नाहीं, आणि त्वचा कोणत्याही रंगाची असली तरी चालेल, अशा अर्थाचीं वचनें त्यांत असतात. उलटपक्षीं, सांवळ्या माणसानें लेसरच्या वाटेस जाऊंच नये, कातडी भाजून काळी पडते, असें वडीलधारीं माणसें निक्षून सांगतात. या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्हींपैकीं एकावरही डोळे मिटून विश्वासण्यासारखें नाहीं. यास्तव त्यामागील विज्ञान येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय केवळ नटण्यामुरडण्याचा आहे असें समजून तो हांसण्यावारी नेणें बरें नव्हे. वयांत येणाऱ्या मुलीच्या ओठावर किंवा हनुवटीवर केंस दिसूं लागले म्हणजे वर्गांतील मुलेंच नव्हेत, तर घरीं येणारीं आप्तेष्ट मंडळीही तिला टोचून बोलतात. मुलगी आरशासमोर बसून रडते, आई हळूच पैसे सांठवूं लागते, आणि बापाला बहुधा यांतील कांहींच ठाऊक नसतें. अशा स्थितींत भलत्या ठिकाणीं भलत्या यंत्राखालीं जाऊन बसलें, तर केंस जाण्याऐवजीं गालावर डाग घेऊन परत यावें लागतें. केंस वस्तऱ्यानें मिनिटाभरांत निघतो. डाग जाण्यास महिने लागतात, व क्वचित् तो जातही नाहीं. अंगावर केंस असणें हा रोग नव्हे व दोषही नव्हे, हें आमचें मत आम्ही येथेंच नमूद करून ठेवितों. ज्यांस ते काढावयाचेच आहेत, त्यांच्यासाठीं पुढील मजकूर आहे.

वैशाखांतील दुपारीं आपल्या वऱ्हाडांतील काळ्या रानांतून अनवाणी चालून पाहिलेल्या मुलांना या उपचाराचें अर्धें मर्म आधींच ठाऊक आहे. काळी वस्तु प्रकाश गिळते व तापते. पांढरी वस्तु तो परतवून लावते व त्या मानानें थंड राहते. केंसाला काळा रंग देणारें मेलॅनिन नांवाचें एक रंगद्रव्य आहे. लेसरचा प्रकाश त्वचेंतून आंत शिरला म्हणजे हें रंगद्रव्य तो शोषून घेतें, प्रकाशाची उष्णता होते, आणि ती उष्णता केंसाच्या मुळाशीं असलेल्या, नवा केंस घडविणाऱ्या पेशींस जाळून निकामी करिते. शेजारच्या मांसांत तसें रंगद्रव्य नसल्यामुळें तें वांचतें. रंगावरून नेम धरून नेमक्या जागीं उष्णता पोंचविण्याचें हें तत्त्व रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९८३ सालीं मांडिलें.

परंतु येथेंच सांवळ्या माणसाची अडचण उभी राहते. तेंच मेलॅनिन आपल्या त्वचेच्या वरच्या थरांतही भरलेलें असतें. गोऱ्या त्वचेचा वरचा थर स्वच्छ कांचेप्रमाणें प्रकाशास वाट देतो. सांवळ्या त्वचेचा थर हा रंगीत कांचेसारखा असून, केंसाकडे निघालेल्या प्रकाशावर तो वाटेंतच जकात वसूल करितो. जकात म्हणून घेतलेला हा प्रकाशही उष्णताच होतो, पण ती त्वचेंत होते. मग फोड येतात, कातडी सुटते, आणि बरी होतांना ती जागा काळपट किंवा पांढुरकी होऊन बसते. म्हणजे वडीलधाऱ्यांची भीति निराधार नव्हे.

ही भीति कशी उत्पन्न झाली हेंही पाहण्यासारखें आहे. थिओडोर मायमन यांनीं १९६० सालीं माणिकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रकट केला. त्याचा प्रकाश तांबडा असून त्याची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर असते. (एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) १९९०-२००० या दशकांत केंस काढण्याकरितां जीं यंत्रें प्रथम गाजलीं त्यांत या माणकाच्या लेसरचा भरणा होता. त्याचा प्रकाश मेलॅनिन फार हांवरटपणें शोषून घेतें. गोऱ्या कातडीवरील काळ्या केंसांस तें सोयीचें. आपल्यासारख्यांस तें घातक. त्वचेचा प्रकार ठरविण्याची जी सहा पायऱ्यांची मोजणी आज सर्वत्र प्रचलित आहे, तीही टॉमस फिट्झपॅट्रिक यांनीं १९७५ सालीं आरंभिली तेव्हां गोऱ्या लोकांपुरतीच होती. गव्हाळ-सांवळ्या व काळ्या त्वचेसाठीं पांचवी व सहावी पायरी मागाहून जोडण्यांत आली. आपल्याकडील बहुतेक माणसें चौथ्या व पांचव्या पायरीवर येतात. म्हणजे आरंभींची मोजपट्टी आणि आरंभींचीं यंत्रें, दोन्हीं आपणांस डोळ्यांपुढें ठेवून घडविलेलीं नव्हतीं. हा कोणाचा कट नव्हता. जेथें यंत्रें घडलीं तेथील गिऱ्हाईक गोरें होतें, इतकेंच.

यावर तोड निघाली ती तीन अंगांनीं. पहिलें अंग तरंगलांबीचें. मेलॅनिनची प्रकाश गिळण्याची शक्ति तरंगलांबी वाढेल तसतशी कमी होत जाते, व प्रकाश त्वचेंत अधिक खोल उतरतो. माणकाच्या पुढें अलेक्झांड्राईट लेसर आहे, त्याची तरंगलांबी ७५५. त्यापुढें डायोड, सुमारें ८०० ते ८१०. आणि त्याही पुढें निओडिमियम-याग, १०६४ नॅनोमीटर. हा शेवटचा प्रकाश डोळ्यांस दिसतसुद्धां नाहीं. वरच्या थरांतील मेलॅनिन त्याच्याकडून थोडीच जकात घेतें. मुळाशीं असलेला जाड काळा केंस मात्र त्यांतूनही पुरेशी उष्णता मिळवितो. म्हणूनच सांवळ्या व काळ्या त्वचेस हा लेसर सर्वांत निर्धोक मानिला जातो. गव्हाळ ते मध्यम सांवळ्या त्वचेवर डायोड लेसरही जाणत्या हातीं चांगलें काम देतो.

येथें एक मराठी मुलखाचा धागा जुळतो, तो सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत हा याग लेसर प्रथम सिद्ध झाला. आणि त्याच प्रयोगशाळेंत, त्याच वर्षीं, कार्बन डायॉक्साईड वायूचा लेसर शोधून काढणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालीं बारामतीस झाला असून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें होतें. पटेलांचा लेसर केंस काढण्याच्या कामाचा नव्हे. त्याचा प्रकाश पाणी शोषून घेतें, आणि पाणी तर शरीरांत सर्वत्र भरलें आहे. त्यामुळें तो केंस आणि कातडी असा भेद न करितां समोर येईल तें कापीत जातो, व शस्त्रवैद्य त्याचा सुरीसारखा उपयोग करितात. ‘लेसर’ या एका नांवाखालीं किती निरनिराळ्या स्वभावाचे किरण आहेत, हें यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानीं येईल. म्हणूनच ‘आमच्याकडे लेसर आहे’ एवढ्या उत्तरावर कोणीं समाधान मानूं नये.

दुसरें अंग वेळेचें. चुलींतून उडालेली ठिणगी हातावर पडेपर्यंत निवते. भाकरीचा तवा मात्र चूल विझल्यावरही बराच वेळ चटका देतो. लहान वस्तु लवकर निवते, मोठी सावकाश. त्वचेचा वरचा थर अतिशय पातळ असल्यामुळें तो थोड्याच सहस्रांश सेकंदांत उष्णता टाकून देतो. जाड केंसाच्या मुळास त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. तेव्हां तितकाच प्रकाश एका क्षणांत न ओततां जरा लांबवून सोडला, तर कातडी मिळालेली उष्णता वाटेल तशी टाकीत राहते आणि मुळांत ती सांचत जाते. सांवळ्या त्वचेवर काम करणारा वैद्य म्हणून स्पंद लांब ठेवितो व तेज बेताचें ठेवितो.

तिसरें अंग थंडाव्याचें. प्रकाश सोडण्याच्या आधीं, सोडतांना व नंतरही त्वचा गार ठेवितात. त्यासाठीं यंत्राच्या टोंकाला नीलमण्याच्या जातीची थंड केलेली पारदर्शक कांच असते, किंवा गार हवेचा झोत सोडतात, किंवा क्षणांत उडून जाणाऱ्या थंड द्रवाचा फवारा मारितात. गारवा वरच्या थरापुरताच पोंचतो. मूळ खोल असल्यामुळें तें तापावयाचें तितकें तापतेंच. मात्र हा फवारा अतोनात झाला तर थंडीनेंही सांवळ्या त्वचेवर डाग पडतात.

आतां गुण किती येतो तें पाहूं. या बाबतींत आपल्या लोकांस एक देणगीच आहे. आपले केंस काळे व बहुधा जाड असतात, आणि लेसरला हवें असतें तें नेमकें हेंच. अमेरिकेंत चौथ्या ते सहाव्या पायरीच्या त्वचेच्या वीस स्त्रियांवर याग लेसरचा प्रयोग करून त्याचा वृत्तान्त २००१ सालीं प्रसिद्ध झाला. तीन वेळां उपचार केल्यावर वर्षानंतरही त्यांचे केंस लक्षणीय कमी होते. अमेरिकन नौदलाच्या वैद्यांनीं २००२ सालीं दुसरा एक अनुभव नोंदविला. काळ्या सैनिकांस रोज दाढी करावी लागे व त्यांचे कुरळे केंस वळून पुन्हां कातडींत शिरत आणि तेथें पुटकुळ्या उठत. त्यांवर याच लेसरचा चांगला उपयोग झाला. आपल्याकडे पोलिसांत व सैन्यांत भरती होणाऱ्या तरुणांपैकीं कित्येकांस हा त्रास असतो, तेव्हां हा उपचार केवळ स्त्रियांचा आहे असें नव्हे.

परंतु एका बैठकींत काम आटोपतें असें मात्र नाहीं. कपाशीचीं सर्व बोंडें जशीं एकाच दिवशीं फुटत नाहींत व शेतकऱ्यास दुसरी, तिसरी वेचणी करावी लागते, तसेंच हें आहे. आपले केंस पाळीपाळीनें वाढतात, थांबतात, गळतात व पुन्हां उगवतात. वाढीस लागलेला केंसच लेसरच्या तावडींत नीट सांपडतो; विसांव्यांत असलेला त्या खेपेस निसटतो. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानें सहा ते आठ वेळां, केव्हां त्याहूनही अधिक वेळां, जावें लागतें, व त्यापुढें वर्षा-सहा महिन्यांनीं एखादी फेरी करावी लागते. खर्चाचा अंदाज करितांना पालकांनीं एका खेपेची किंमत न पाहतां या सर्व फेऱ्यांची, आणि जानेफळाहून शहरापर्यंतच्या जाण्यायेण्याची, बेरीज करावी.

‘कायमचे’ या शब्दाचेंही थोडें परीक्षण केलें पाहिजे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें या यंत्रांस जी मान्यता दिली आहे, ती केंस कायमचे ‘कमी करण्याची’ आहे. सर्व केंस कायमचे नाहींसे करण्याची नाहीं. उरलेले केंस बारीक व फिकट होतात, हाही लाभच आहे. लव मात्र लेसरला फारशी जुमानीत नाहीं. उलट चेहऱ्यावर व मानेवर, विशेषतः सांवळ्या त्वचेच्या व अंतःस्रावांत बिघाड असलेल्या स्त्रियांत, उपचारानंतर लवेचे राठ केंस झाल्याचें क्वचित् आढळून आलें आहे. केंस घालविण्यास जावें आणि केंस घेऊन यावें, असा हा विचित्र प्रकार असून, गालावरच्या नुसत्या लवेसाठीं लेसर करूं पाहणाऱ्या मुलींस तो आधीं सांगितलाच पाहिजे.

दुखतें कां? होय, दुखतें. ताणलेला रबराचा पट्टा कातडीवर सटकन् आपटावा तशी ती वेदना असते, आणि जेथें केंस दाट तेथें ती अधिक. शिवाय येथें एक पेंच आहे. जो याग लेसर आपल्या त्वचेस सर्वांत निर्धोक, तोच इतरांपेक्षां अधिक चटका देणारा. कारण त्याचा प्रकाश खोल जातो व काम साधण्यास तेजही अधिक लागतें. चांगला थंडावा असला म्हणजे तो सोसवतो, आणि केंस विरळ होत गेले कीं पुढील बैठकी हलक्या जातात. नंतर कांहीं तास केंसांच्या मुळांभोवतीं लाली व बारीक सूज राहते; ती अपेक्षितच असते. फोड येणें, कातडी राखाडी दिसणें किंवा आग दिवसभर न शमणें हें मात्र अपेक्षित नव्हे. उपचार चालू असतां असह्य भाजल्यासारखें वाटलें तर मुलीनें भिडेस न पडतां तत्काळ ‘थांबा’ म्हणावें. ती वेदना सोसून दाखविण्यांत कांहीं शौर्य नाहीं; यंत्र चुकत असल्याची ती पहिली सूचना असूं शकते.

वेदना टाळण्यासाठीं बधिर करणारें मलम लावितात, त्याविषयीं एक गंभीर गोष्ट सांगणें अवश्य आहे. लेसरच्या आधीं दोन्ही पायांवर असें तीव्र मलम थापून वरून प्लॅस्टिक गुंडाळल्यामुळें अमेरिकेंत दोन तरुण स्त्रिया प्राणांस मुकल्या. औषध कातडींतून रक्तांत उतरलें होतें. तेथील नियंत्रण खात्यानें २००७ सालीं याबद्दल जाहीर इशारा दिला. थोड्या जागीं, वैद्यानें सांगितलें तितकेंच लावलेलें मलम निराळें. दुकानांतून आणून मोठ्या भागावर फांसलेलें मलम निराळें.

आतां आपल्या गांवाच्या राहणीशीं निगडित असे दोनतीन मुद्दे घेतों. उन्हानें रापलेल्या त्वचेंत मेलॅनिन वाढलेलें असतें, म्हणून उपचाराच्या आधीं व नंतर कांहीं आठवडे ऊन टाळावें लागतें. दिवाळीच्या सुटींत सोयाबीनच्या सुगीस किंवा कापूस वेचावयास जाणाऱ्या मुलीनें ही गोष्ट वैद्यास आपण होऊन सांगावी. कांखेंतील त्वचेस लावलेलें तेज तिच्या रापलेल्या हातांस सोसेलच असें नाहीं. दुसरें गोंदणाचें. लेसरला केंस आणि गोंदणाची शाई यांतला भेद कळत नाहीं. गोंदणावर किरण पडला तर तेथें भाजतें. काळ्या तिळांवरही तो पडूं देऊं नये. तिसरें, आधींचे चार-सहा आठवडे दोऱ्यानें, चिमट्यानें वा मेणानें केंस उपटूं नयेत, कारण मुळांत केंसच नसेल तर प्रकाश नेम कशावर धरणार? वस्तरा चालतो. वस्तऱ्यानें केंस राठ होतात ही समजूत खोटी आहे. कापलेलें टोंक बोथट असल्यामुळें तसा भास होतो, एवढेंच.

चेहऱ्यावर राठ केंस एकाएकीं वाढूं लागले, मासिक धर्म अनियमित झाला, पुटकुळ्या किंवा वजन वाढलें, तर लेसरच्या आधीं वैद्याकडे जावें. अंडाशयाच्या व अंतःस्रावांच्या विकारांत असें होतें, आणि मूळ कारण तसेंच राहिलें तर काढलेल्या केंसांच्या जागीं नवे येतच राहतात. गोरेपणाच्या नांवाखालीं वापरलीं जाणारीं कांहीं स्टेरॉईडयुक्त मलमें तर चेहऱ्यावर केंस स्वतःच उगवितात. वर त्वचा पातळ व हळवी करितात तें निराळेंच. आधीं गोरें होण्यासाठीं मलम, मग त्या मलमानें आलेले केंस घालविण्यासाठीं लेसर, आणि मग लेसरचा डाग घालविण्यासाठीं पुन्हां मलम, अशा फेऱ्यांत सांपडण्यापेक्षां अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागांत एकदां दाखवून येणें स्वस्त व शहाणपणाचें होय. शिवाय पौगंडावस्थेंत लवेचे राठ केंस होण्याची क्रिया चालूच असते. म्हणून शाळकरी वयांत, वैद्यकीय कारण नसतां, घाई करूं नये असें आमचें मत आहे.

जावयाचें ठरलेंच तर पालकांनीं मुलीबरोबर आंत बसावें व न संकोचतां चौकशी करावी. यंत्र कोणतें, त्याची तरंगलांबी किती, त्वचा थंड कशी ठेवणार, तें चालविणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे कीं नुसता यंत्र दाबणारा नोकर, आमच्या मुलीसारख्या वर्णाच्या किती जणांवर त्यानें काम केलें आहे, आणि कांहीं बिघडलें तर रात्रीं कोणास विचारावयाचें? भारतांतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेनें या उपचाराविषयीं २००८ सालीं मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केलेले आहेत, तेव्हां असे प्रश्न विचारणें हा कांहीं उद्धटपणा नव्हे. प्रथम झांकलेल्या जागीं एका लहानशा ठिपक्यावर प्रयोग करवून कांहीं दिवस वाट पाहावी, कारण सांवळ्या त्वचेवरील डाग लगेच न दिसतां सावकाश उमटतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. भुंवयांच्या खालीं, पापण्यांजवळ लेसर करूंच नये. कित्येक सौंदर्यगृहांत लेसर म्हणून जें दाखवितात तो वस्तुतः अनेक तरंगलांबींचा मिश्र असा तेजस्वी दिवा असतो. घरीं वापरावयाचीं बहुतेक यंत्रेंही याच जातीचीं. फार गडद त्वचेवर तीं वापरूं नयेत असें त्यांच्याच माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें, व कित्येक यंत्रें तर असा रंग ओळखून पेटावयाचेंच नाकारितात.

राहतां राहिला प्रश्न पिकलेल्या केंसांचा. आजीच्या हनुवटीवरील दोन पांढऱ्या केंसांस लेसर कांहींच करूं शकत नाहीं, कारण त्यांत रंगद्रव्यच उरलेलें नसतें. त्यांच्यासाठीं विजेची सुई आहे. अमेरिकेंतील सेंट लुई येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनीं डोळ्यांत खुपणाऱ्या पापणीच्या केंसांवर तिचा प्रयोग करून तो १८७५ सालीं प्रसिद्ध केला. ही सुई एकेका केंसाच्या मुळाशीं घालून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडितात. तिला केंसाच्या रंगाशीं किंवा त्वचेच्या वर्णाशीं कर्तव्य नसतें. वेळ मात्र फार लागतो, आणि दुखावयाचें तें दुखतेंच.